शेवटचा वेडा निघतो म्हणून

एका मैत्रिणीला मी माझी वही वाचायला दिली होती. वही म्हणजे गेली चार वर्षं फावल्या वेळात मी रचत असलेलं एक घराणं. कड्याच्या टोकावर गढी, गढीच्या चौकात दगडी कुंड, आणि घराण्याला मिळालेलं वरदान असं की कर्त्या पुरुषाने पहाटे कुंडाच्या काठावर उभं राहून हाक मारली की खालची नदी खडकाच्या पोटातून वर चढते आणि कुंड भरतं. अकरा पिढ्या. प्रत्येकाचं नाव, लग्न, मृत्यू, कुणाला किती मुलं, त्यातली किती जगली, सगळं वहीच्या मागच्या पानांवर रेघा ओढून मांडलेलं. (घराण्याचं नाव इथे सांगत नाही, ते अजून दर दोन महिन्यांनी बदलतं.) अकराव्या पिढीतला धनी वेडा निघतो, गढीला स्वतःच्या हाताने आग लावतो, आणि ती विझवायला हाक मारतो तेव्हा पाणी येत नाही. हा शेवट लिहिताना मी स्वतःच रडले होते. त्यामुळे तो चांगला असणार, अशी माझी खात्री होती.

मैत्रिणीने वही परत आणून दिली. गढी डोळ्यांसमोर उभी राहते म्हणाली, चौथ्या पिढीतली ती बहिरी सून फार आवडली म्हणाली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण हे घराणं बुडतं कशामुळे?" मी म्हणाले, "अगं, शेवटचा वेडा निघतो म्हणून." ती म्हणाली, "ते कुणाच्या हातून बुडालं, हे झालं. कशामुळे?" आणि एवढं बोलून दारात वाकून चपला घालायला लागली. तिला उत्तर नकोच होतं बहुतेक.

मला मात्र चार दिवस राग पुरला.

राग यायचं कारण असं की प्रश्न बरोबर होता. शेवटचा माणूस वेडा, व्यसनी नाहीतर नेभळट काढला की लिहिणाऱ्याची सोय होते. सगळं त्याच्या माथी मारायचं आणि मोकळं व्हायचं. वाचणाराही खूश, कारण त्याला एक चेहरा मिळतो. पण मी ज्या कल्पित घराण्यांवर जीव लावून बसले आहे, त्यांच्याकडे परत जाऊन पाहिलं तर त्यांच्यातला शेवटचा माणूस फक्त दिवा मालवायला आलेला दिसतो. तेल कधीच संपलेलं असतं. आणि ते संपताना घरातल्या कुणालाच कळलेलं नसतं, हीच तर मला वर्षानुवर्षं धरून ठेवणारी गोष्ट. तरीही स्वतः लिहायला बसले तेव्हा मी नेमकी तीच विसरले.

कल्पित घराण्यांच्या अशा फॅन्टसी कादंबऱ्या मी मागून वाचायला घेते. आधी परिशिष्टं. वंशावळीच्या पानावर बोट ठेवून एकेका नावावरून खाली सरकत जायचं, रेघ फुटली की थांबायचं, थोरल्या शाखेने जायचं की धाकट्या याचा उगाच विचार करायचा. मग एक नाव असं येतं की त्याच्याखाली रेघच नसते. नुसता कोरा कागद. गोष्टीतलं एकही पान वाचलेलं नसतं, तो माणूस कोण, शूर होता की हलकट, काही ठाऊक नसतं. तरी त्या कोऱ्या जागेवर बोट आलं की पोटात काहीतरी हलतं. 'निर्वंश' हा शब्द आपल्याकडे शिवी म्हणून वापरतात. छापील वंशावळीत तो किती शांत दिसतो.

तर तेल कधी संपतं? जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेत ड्रॅगनवर बसून राज्य मिळवलेलं टारगेरियन घराणं आहे, त्याची एक जागा मी परत परत वाचते. लढाईची नाही, सिंहासनाचीही नाही. तळघराची. १९९६ साली आलेल्या पहिल्याच पुस्तकात ती आहे. नवा राजा गादीवर येतो आणि जुन्या घराण्याच्या ड्रॅगनांच्या कवट्या दरबाराच्या भिंतींवरून उतरवून खाली अंधारात ठेवून देतो. एकूण एकोणीस. सर्वांत जुनी तीन हजार वर्षांहून जुनी, सर्वांत अलीकडची जेमतेम दीडशे वर्षांची. मोठी कवटी इतकी मोठी की त्या जबड्यातून आख्खा मॅमथ आत जाईल. आणि सर्वांत अलीकडच्या दोन? दांडग्या कुत्र्याच्या कवटीएवढ्या. मशालीच्या उजेडात एक माणूस हे बघत उभा आहे, एवढाच प्रसंग. पण माझ्या डोक्यात दरवेळी येतं की या कवट्या पिढ्यान्‌पिढ्या दरबारात टांगलेल्या होत्या. त्या घराण्यातला प्रत्येक मुलगा त्यांच्याखालून रांगला असेल, प्रत्येक राजा त्यांच्यासमोरून चालत जाऊन गादीवर बसला असेल. घराण्याचा आलेखच भिंतीवर लावलेला होता म्हणा ना. पण सगळे मोठ्या कवटीकडे बघत राहिले असणार. आपणही तेच करतो. पूर्वजांपैकी थोर तेवढे मोजतो.

शिवाय ड्रॅगन मारले कुणी? शत्रूने नव्हे. या घराण्याच्या विजयापासून मोजलेल्या सनाच्या १२९ ते १३१ या दोन-तीन वर्षांत सावत्र भावाबहिणीत गादीवरून यादवी झाली, दोन्ही बाजूंनी ड्रॅगनवर बसून ड्रॅगन मारले. उरलासुरला शेवटचा १५३ साली मेला. घराणं मात्र २८३ सालापर्यंत टिकलं. म्हणजे मधली एकशेतीस वर्षं हे लोक तीन तोंडांच्या ड्रॅगनचं निशाण लावून ड्रॅगनविना राज्य करत होते. मला हीच वर्षं सगळ्यात रम्य वाटतात आणि सगळ्यात भयंकरही. लग्नं होतात, शर्यती होतात, बंडं मोडली जातात, एखादा चांगला राजाही होऊन जातो. मधूनच कुणाला तरी ते सहन होत नाही. एक राजपुत्र आपणच ड्रॅगन होऊ म्हणून जळतं रसायन पितो. एका राजाच्या काळात, २५९ साली, अंडी उबवण्याच्या खटपटीत आख्खा राजवाडा आगीत जातो, असं सुचवलेलं आहे. शेवटी येतो तो वेडा राजा, आगीचं वेड लागलेला. माझ्या वहीतली आग कुठून आली ते आता तुम्ही ओळखलं असेलच. मी ज्योत उचलली आणि एकशेतीस वर्षं सोडून दिली.

टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गोंडोर या राज्यात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडते, जास्त सभ्यपणे. तिसऱ्या युगाच्या २०५० साली राजा एआर्नूर शत्रूच्या आव्हानाला उत्तर द्यायला घोड्यावरून जातो आणि परत येत नाही. मूलबाळ नाही. मेला म्हणावं तर पुरावा नाही. मग कारभारी मार्डिल राज्य हाती घेतो, राजा परत येईपर्यंत. गादी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे 'मुतालिक' असा नेमका शब्दच आहे. पण या मुतालिकीची लांबी बघा. सव्वीस कारभारी, साडेनऊशेहून जास्त वर्षं. दरबारात उंचावर रिकामं सिंहासन, आणि पायऱ्यांच्या तळाशी, सगळ्यात खालच्या पायरीवर, एक काळी, साधी दगडी खुर्ची. कारभाऱ्याने बसायचं तिथे. हातात पांढरी काठी. निशाण पांढरं, त्यावर एकही चिन्ह नाही.

त्या खुर्चीचा मी फार विचार केला आहे. सव्वीस माणसं तिच्यावर बसली आणि एकानेही उठून वरच्या पायऱ्या चढल्या नाहीत. शेवटच्या कारभाऱ्याच्या धाकट्या मुलाच्या आठवणीत एक प्रसंग येतो. थोरला लहान असताना बापाला विचारतो, राजा परत येत नसेल तर किती शतकांनी कारभाऱ्याचा राजा होतो? बाप सांगतो त्याचा मथितार्थ असा, की जिथे कुळाची फार पत्रास नाही तिथे काही वर्षं पुरतील, इथे दहा हजार वर्षंही पुरायची नाहीत. हे उत्तर निष्ठेचं आहे की अहंकाराचं? वीस वर्षांपूर्वी मी छातीठोकपणे निष्ठेचं म्हणाले असते. आता वाटतं, दोन्ही एकाच भांड्यात इतकी वर्षं ठेवली की चव वेगळी लागत नाही. कारण तोच कारभारी शेवटी, खरा वारस दाराशी आला आहे हे कळल्यावर, खुर्ची सोडण्यापेक्षा जळून जाणं पसंत करतो. पुन्हा आग, बघा. पण इथे ती पटते, कारण तिच्यामागे साडेनऊशे वर्षांची खालची पायरी आहे.

गोंडोरच्या चौकातलं पांढरं झाड मधेच वाळतं. रोप मिळत नाही म्हणून ते तसंच उभं ठेवतात, राजा येईपर्यंत. मेलेल्या झाडाला पहारा. तोच धाकटा मुलगा परक्यांसमोर आपल्या देशाविषयी बोलतो ते मला कुठल्याही पराभवापेक्षा जास्त लागतं: आमच्या राजांनी जिवंतांच्या घरांपेक्षा देखणी थडगी बांधली, आणि वंशावळीतली जुनी नावं त्यांना स्वतःच्या मुलांच्या नावांपेक्षा प्रिय झाली. हे वाचून मी वहीची मागची पानं उघडली. अकरा पिढ्यांची ओळ, लाल-निळ्या शाईत.

कानकोंडं झाल्यासारखं वाटलं.

मर्विन पीक यांच्या कादंबऱ्यांतल्या गॉर्मेनगास्ट या किल्ल्यात तर घराणं पडतच नाही, ते फक्त चालू राहतं. पहिलं पुस्तक १९४६चं. शहात्तरावा उमराव, सत्त्याहत्तराव्याचा जन्म, आणि शहराएवढ्या किल्ल्यात रोजच्या रोज पार पाडायचे विधी, ज्यांचा अर्थ कुणालाच माहीत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला एक दालन आहे. किल्ल्याबाहेरचे लोक वर्षभर खपून लाकडावर कोरीवकाम करतात. त्यातल्या तीन कलाकृती निवडून या दालनात ठेवायच्या, बाकीच्या जाळून टाकायच्या. तिथे एक राखणदार आहे. पिसांच्या झटक्याने धूळ झटकतो आणि झोळीत झोपतो. बघायला कुणी येत नाही. तक्रार कुणाचीच नाही. मला पडकी भिंत चालते, कोळिष्टकं चालतात. पण कुणी न बघणाऱ्या गोष्टीवरची रोज झटकलेली धूळ वाचली की जीव घाबरा होतो. तिथला उमराव पुढे ग्रंथालय जळाल्यावर स्वतःला घुबड समजायला लागतो. (हो, आग तिथेही आहे. आम्हा लोकांना दुसरं काही सुचतच नाही की काय!)

चिडून मग मी आपल्याच घरातलं पुस्तक काढलं. कालिदासाचा रघुवंश फॅन्टसी नव्हे, पण आकाशातून चालणारे रथ आणि स्वर्गातून येणारी बोलावणी असलेल्या एका कुळाची उतरण म्हणून वाचला तर अंगावर येतो. शाळेत आम्ही दिलीपाच्या गाईपाशी थांबलो, फार तर अजाच्या विलापापाशी. शेवट कुणी शिकवला नाही. एकोणिसावा सर्ग अग्निवर्णाचा. हा राजा अंतःपुरातून बाहेर येतच नाही. प्रजा दर्शनाला ताटकळते, मंत्री फार गळ घालतात, तेव्हा तो खिडकीतून एक पाऊल बाहेर लोंबतं सोडतो. नुसतं पाऊल. आणि लोक त्या पावलाला नमस्कार करून घरी जातात. पुढे तो क्षयाने झिजतो, मंत्री लोकांना काहीबाही सांगून वेळ मारून नेतात, आणि राजवाड्याच्या बागेतच गुपचूप त्याला अग्नी देतात. गादीवर त्याची गरोदर राणी. संपलं काव्य. ज्या कुळाची ओळख कवीने पहिल्या सर्गात बालपणी विद्या, तारुण्यात भोग, म्हातारपणी मुनिवृत्ती, शेवटी योगाने देहत्याग अशी करून दिली, त्याचा हा शेवट, आणि कवी त्यावर एक शब्दही जास्तीचा बोलत नाही.

म्हणजे इथेही शेवटचा वाया गेलेला निघतो म्हणूनच, असं मैत्रिणीला ठणकावून सांगता आलं असतं. पण एक सर्ग मागे गेले. अठराव्या सर्गात वीसहून जास्त राजे भराभर निघून जातात, एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन-चार श्लोक. सगळे चांगले. सगळे सारखे. त्यांची नावं मला कधी लक्षात राहिली नाहीत. आणि शेवटी अग्निवर्णाचा बाप सुदर्शन येतो. सहा वर्षांचा असताना गादीवर बसवलेला, कारण त्याच्या बापाला शिकारीत सिंहाने मारलेलं. त्या पोराचे पाय सोन्याच्या पादपीठापर्यंत पोचत नाहीत, अधांतरी लटकतात, आणि मोठमोठे राजे त्या लटकत्या पायांवर डोकं ठेवतात. सुदर्शन पुढे चांगला राजा होतो, मुलाच्या हाती निर्वेध राज्य देऊन वनात जातो. पण ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. बापाचे पाय पादपीठाला टेकत नव्हते तरी लोक वाकले. मुलाने त्यातून काय शिकायचं ते शिकला: लोकांना पाऊल पुरतं. कालिदासाला हे असंच म्हणायचं होतं की नाही, पंडित जाणोत. मला ही दोन पावलं एकाच वळणाची दिसतात.

आता जे लिहायला मला अवघड जातं ते. ही घराणी बुडाली म्हणून मी रडते, पण मी त्यांची कोण? ड्रॅगनच्या खाली जी गावं जळाली, त्यांत माझ्यासारखी माणसं राहत असणार. जाळायच्या कोरीवकामात माझंच एखादं लाकूड असतं. माझ्या जन्मात मला कुणी मुजरा करायला लावला तर मी तिथून निघून जाईन, आणि तरीही छापील पानावर एखादा म्हातारा उमराव विझत्या शेकोटीपुढे एकटा बसला की माझे डोळे भरून येतात. याला भोळेपणा म्हणावं की अप्पलपोटेपणा, अजून ठरत नाही. बहुधा असं असावं की आपलं स्वतःचं उतरणं आपल्याला एवढ्या थाटात कधी बघायला मिळत नाही. आपल्या घरात ते गुडघ्यात दुखतं, विसरलेल्या नावात दिसतं. गोष्टीतल्या घराण्याला त्यासाठी बुरूज मिळतात. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात ओसाड अयोध्या बाईच्या रूपाने मध्यरात्री कुशाच्या शयनगृहात येऊन उभी राहते आणि गाऱ्हाणं सांगते, त्यात भिंतीवर रंगवलेल्या हत्तींना खरे समजून पंजे मारणारे सिंह आहेत. खांबांवरच्या लाकडी स्त्रियांचा रंग उडाला आहे आणि सापांच्या काती हीच त्यांची वस्त्रं झाली आहेत. इतकं सुंदर मोडणं कुणाला नको असेल?

आणि टोल्किन यांनी तर माझी आणखी एक पंचाईत करून ठेवली आहे. गोंडोरच्या राजांची थोरली शाखा उत्तरेला होती. ते राज्य ८६१ साली भावांच्या भांडणात तिघांत वाटलं गेलं आणि १९७४ साली शेवटचा तुकडाही गेला. पुढे या राजवंशाजवळ ना गादी ना गढी. रानोमाळ भटकणारे, मळक्या कपड्यांतले पहारेकरी, ज्यांच्याकडे गावकरी संशयाने बघतात. पण बापानंतर मुलगा, असे त्यांचे सोळा प्रमुख होतात आणि रेघ तुटत नाही. तुटली ती सिंहासन असलेल्यांची. मोडक्या तलवारीचे तुकडे तेवढे नीट जपून ठेवलेले. मी हे वाचताना दरवेळी खूश होते, आणि दरवेळी थोडी शंकाही येते, की गरिबीतल्या खानदानीपणाची ही गोष्ट खानदानी लोकांनाच फार आवडत असेल.

असो. वही परत उघडली. अकराव्या पिढीतला वेडा मी काढून टाकला नाही, त्याला बिचाऱ्याला राहू दिलं. सातव्या पिढीत गेले. तिथे माझा एक धनी होता ज्याच्याविषयी मी जेमतेम दीड ओळ लिहिली होती: शांत राजवट, तीन मुली, एक मुलगा. आता तिथे एक पहाट लिहिली. तो कुंडाच्या काठावर उभा राहून हाक मारतो आणि पाणी येतं, पण उशिरा. सूर्य कड्यावर आल्यावर. दप्तरदार रोजच्यासारखं 'पाणी आले' असं लिहितो, वेळ लिहीत नाही. आठव्या पिढीत पाणी यायला दोन हाका लागतात, मग विधीच्या वेळी चौकाचं दार लावून घ्यायची पद्धत पडते, आणि काही वर्षांत त्या बंद दारालाच लोक पवित्र मानू लागतात. नवव्या पिढीत एका पहाटे पाणी येतच नाही. त्या दिवशी धनी आजारी पडल्याचं सांगतात. आणि त्या रात्री गढीतली चार माणसं, कुणी न सांगता, खालच्या विहिरीवरून घागरींनी पाणी आणून कुंड भरून ठेवतात. सकाळी धनी हाक मारायला येतो तेव्हा कुंड भरलेलं असतं. तो त्यांच्याकडे बघत नाही, ते त्याच्याकडे बघत नाहीत. दहाव्या पिढीतल्या मुलाला हे कुणी सांगतच नाही. त्याला वाटतं, हाक मारण्याआधीच पाणी येतं, एवढा आपला अधिकार.

मैत्रिणीला फोनवर हे वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "ते चौघं कोण गं?" मी मागची पानं चाळली. सुना आहेत, दत्तक आहेत, अनौरसही आहेत. ते चौघं नाहीत.

सध्या त्यांच्यापाशीच अडले आहे. कुंडाचं माप काढलं तर दोनशे घागरी होतात. चौघांनी वाहिल्या तर प्रत्येकी पन्नास. विहिरीपासून चौकापर्यंत पायऱ्या आहेत, एका खेपेला आठ-नऊ मिनिटं तरी जातील, म्हणजे सात तासांच्या वर. निजानीज झाल्यावर सुरुवात केली तर पहाटेच्या आत जेमतेम होतं. पण हा हिशेब मी हिवाळ्याचा धरला होता. उन्हाळ्यात रात्री लहान असतात.